बंदुकीचा कायदा मुंबईत बदलत नाही

रावेर-यावलच्या केळीबागांत रानडुकरं घुसली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आमदारांनी विधानसभेत लावून धरलं, तर बंदुकीचा परवाना सोपा होईल.’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत येतो. त्यामुळे १९५९ चा शस्त्र कायदा संसदेचा आहे. २०१९ मध्ये एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, तीही संसदेच्या दुरुस्तीने. आमदार प्रश्न विचारू शकतात, केंद्राकडे शिफारस करणारा ठराव मांडू शकतात, पण कलम बदलू शकत नाहीत. बागेसाठी परवाना हवा असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडेच करायचा; पोलिसांच्या अहवालानंतर निर्णय तेच घेतात.

फौजदारी कायद्याचं मात्र तसं नाही. तो समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत आहे, म्हणून विधिमंडळ त्यात दुरुस्ती करू शकतं. पण ती केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिला अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक आठवा. ते डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं. पेढे वाटून लोक मोकळे झाले, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालंच नाही. ‘सभागृहात मंजूर’ ही बातमी वाचून ‘कायदा लागू झाला’ असं कुणाला सांगू नका; आधी ते राजपत्रात आलंय का, एवढं बघा.