कावळ्यांचे शेत हे व्हॅन गॉगचे अखेरचे चित्र नव्हे

नाशिकमध्ये चित्रकारांच्या गप्पांत एक गोष्ट हमखास निघते : व्हिन्सेंट व्हॅन गॉगने गव्हाच्या शेतावर उडणारे कावळे रंगवले आणि लगेच स्वतःवर गोळी झाडली, म्हणजे ते चित्र ही त्याची निरोपाची चिठ्ठीच. हे खरे नाही.

ते चित्र जुलै १८९० मधले असले, तरी त्यानंतरही तो रंगवत होता. २७ जुलैला त्याने गोळी झाडून घेतली, २९ ला त्याचा मृत्यू झाला आणि त्याचे अखेरचे चित्र बहुतेक अभ्यासक झाडांच्या उघड्या मुळांचे, अपुरे राहिलेले चित्र मानतात. ते निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांनी इतके भरलेले आहे की त्यात नैराश्य शोधणाऱ्याची पंचाईतच व्हावी.

मग शेतांच्या चित्रांत दुःख नाहीच का? आहे. वादळी आकाशाखालच्या शेतांतून आपण दुःख आणि टोकाचे एकाकीपण व्यक्त करू पाहिले, असे त्याने स्वतःच भावाला लिहिले होते. मात्र खेड्यातले जीवन आपल्याला किती निरोगी आणि बळ देणारे वाटते, हेही ही चित्रे सांगतील, असे त्याच पत्रात पुढे आहे, आणि नेमके तेच गाळले जाते.

आषाढात गोदाघाटावर बसून केलेल्या जलरंगात करडा रंग उतरतो, कारण आभाळच तसे असते. त्यावरून चित्रकाराच्या मनाचे निदान कोणी करत नाही. व्हॅन गॉगचा मानसिक आजार खरा होता, पण तीव्र झटक्यांच्या काळात त्याचे काम बहुधा थांबत असे.