पहिली स्पोर्ट्स बाइक घेण्याआधी

दुकानात आलेली पोरं पहिल्यांदा विचारतात, "टॉप किती जाते?" आमचं उत्तर ठरलेलं आहे. संध्याकाळी सातला नाशिकच्या द्वारका चौकात ही गाडी दहाच्या स्पीडला सांभाळता येते का, ते आधी बघू. आम्ही जुन्या स्पोर्ट्स बाइक घेतो आणि विकतो, त्यामुळे मोठी गाडी गळ्यात मारणं आमच्या फायद्याचंच आहे. पण चुकीच्या हातात गेलेली गाडी सहा महिन्यांत फेअरिंग (गाडीभोवतीचं प्लास्टिकचं आवरण) तुटून परत आमच्याच दारात विकायला येते. त्यात कोणाचंच भलं नाही.

आजवर स्प्लेंडर किंवा ॲक्टिव्हा चालवली असेल, तर हे आकडे बघा. स्प्लेंडरची ताकद साधारण ८ पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). यामाहा आर-१५ ची १८, केटीएम आरसी २०० ची २५, कावासाकी निन्जा ३०० ची ३९ आणि आरसी ३९० ची ४३ च्या पुढे. म्हणजे शेवटची गाडी स्प्लेंडरच्या पाचपट, आणि वजनाला जवळपास ६० किलो जास्त. पहिलीच गाडी असेल तर आम्ही आर-१५ किंवा आरसी २०० सुचवतो. मोठीच हवी असा हट्ट असेल तर निन्जा ३००. तिचं दोन सिलिंडरचं इंजिन खालच्या आरपीएमला (इंजिन हळू फिरत असताना) शांत असतं, खरा जोर वर जाऊन येतो. सीटही ७८० मिलिमीटर, त्यामुळे बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय टेकतात. आर-१५ वजनाला हलकी, पण सीट ८१५. आरसी ३९० वाईट नाही, फक्त ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटर जरा जोरात पिळला गेला की ती तुमची वाट बघत नाही.

खरी अडचण बसण्याची असते. हँडल खाली, फुटरेस्ट मागे, म्हणून अंगाचा भार मनगटांवर येतो. गुडघ्यांनी टाकी धरून कोपरं सैल सोडली की तो भार कमी होतो, पण ही सवय लागायला महिना जातो. शिवाय हँडल कमी वळतं. जिथे स्प्लेंडर एका दमात फिरायची, तिथे हिला मागे-पुढे करावं लागतं. नवशिक्याच्या हातून गाडी पडते ती बहुतेकदा अशीच, जागच्या जागी, सोसायटीच्या उतारावर. म्हणून टेस्ट राइडच्या आधी गाडी बंद ठेवून पार्किंगमध्ये ढकला, मागे घ्या, साइड स्टँडवरून उचला. मग अरुंद गल्लीत यू-टर्न मारा. हायवेवर न्यायची घाई नको.

"समृद्धीवर पळवायला घेतोय," असं सांगणारेही येतात. तिथे दुचाकीला मनाई आहे, दादा.

राहिले घाट. कसारा असो की पेठ रोडचा सावळघाट, वळणात शिरायच्या आधीच स्पीड कमी करा. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण साधं एबीएस सरळ रेषेतल्या ब्रेकिंगसाठी. झुकलेल्या गाडीला ते सावरेलच असं नाही. द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांतली माती रस्त्यावर सांडते, आणि पिंपळगाव-लासलगावकडे रात्री मागचा दिवा नसलेली कांद्याची ट्रॉली कधी समोर येईल, नेम नाही.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा टप्पाही ३५० लाच बदलतो. बजेटमधून हेल्मेट, ग्लोव्हज आणि जॅकेटचे पैसे आधी बाजूला काढा. उरतील त्यात गाडी.

जुनी गाडी घेताना आमच्याकडे असो वा दुसरीकडे, हँडलची टोकं आणि लिव्हर बघा. घासलेले असतील तर गाडी पडलेली आहे. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ नको. फेअरिंग नवं कोरं आणि स्क्रू जुने झिजलेले दिसले, तर का बदललं ते विचारा. आरसी बुकवर बँकेचा बोजा आणि नंबरवर थकलेलं चलन आहे का, हे परिवहनच्या साइटवर दोन मिनिटांत कळतं.

बघायला शक्यतो सकाळी या. पहिला स्टार्ट तुमच्यासमोर, इंजिन गार असताना मारू. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीचा आवाज नेहमीच गोड येतो.