पाल पाळायची, पण कोणती?

सॅन होजेला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या नऊ वर्षांच्या लेकीला पाल पाळायची आहे. कुत्र्याला त्यांच्या इमारतीत परवानगी नाही आणि मांजर घरात आलं की तिच्या बाबांना शिंका सुरू होतात. मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे फोन मला आला. "मावशी, सांभाळायला सगळ्यात सोपं काय?" एवढाच भाचीचा प्रश्न होता.

दुकानदार 'सोपं' म्हणतो तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. एखादा प्राणी सोपा की अवघड, हे त्याच्या शरीराची गरज आणि आपलं घर यांचं किती जुळतं यावर ठरतं. म्हणून आम्ही एकेक प्राणी घेऊन बसलो.

लेकीची पहिली पसंती अ‍ॅक्सोलॉटल. तो पालीसारखा दिसतो, पण पाल नव्हे, उभयचर आहे. माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममुळे आता प्रत्येक मुलाला तो माहीत आहे. मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला हा जीव आयुष्यभर पाण्यात, कल्ले घेऊन जगतो. कॅलिफोर्नियात तो पाळायला बंदीच आहे, त्यामुळे तो विषय मिटला. बंदी नसती तरी मी नको म्हटलं असतं. त्याला १६ ते १८ अंशांचं गार पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात पाणी तेवढं गार ठेवायचं तर वेगळं यंत्र बसवावं लागतं.

बेडकाबद्दलही माझं तेच मत. उभयचर प्राणी कातडीतून पाणी पितात आणि बराचसा श्वासही कातडीतूनच घेतात. आपल्या हाताचा घाम, साबणाचा अंश, लावलेलं क्रीम, सगळं त्या कातडीतून आत जातं. बेडूक काचेपलीकडून पाहावा. हातात घ्यायला प्राणी हवा असलेल्या मुलीला तो देऊ नये. सॅलमँडरची, म्हणजे अ‍ॅक्सोलॉटलसारख्या शेपटीवाल्या उभयचरांची, तर आणखी एक बाजू आहे. त्यांना मारणारी एक बुरशी पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पसरू नये म्हणून अमेरिकेने २०१६ मध्ये सॅलमँडरच्या २०१ जातींच्या आयातीवर निर्बंध घातले. घरातल्या पेटीचा रानाशी संबंध असतो तो असा.

उरली ती लेपर्ड गेको, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली पाल. वाढून २० ते २५ सेंटिमीटर. ही मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातली. आज दुकानात मिळते ती बहुतेक पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली असते. आपल्या भिंतीवरच्या पालीची ही बहीण, पण दोन गोष्टींत अगदी वेगळी. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात. ती जिभेने डोळे पुसते. लेपर्ड गेको पापण्या मिटते, उघडते, झोपताना डोळे बंद करते. आणि तिच्या बोटांखाली चिकटणाऱ्या सूक्ष्म केसांची गादी नसते, त्यामुळे ती काचेवर चढू शकत नाही. झाकण पाच मिनिटं उघडं राहिलं म्हणून ही पाल छतावर सापडणार नाही. मुलं असलेल्या घरात हे फार मोलाचं आहे.

शेपटी जाड असते, कारण चरबीचा साठा तिथे असतो. खायला मिळालं नाही तर पाल त्यावर काही काळ काढते. शेपटी भरलेली असली की तब्येत बरी, बारीक होऊ लागली की काहीतरी बिघडलंय. नऊ वर्षांच्या मुलीलाही हे नुसतं पाहून कळतं. ती शेपटी धरायची मात्र कधीच नाही. ती तुटते, नवी येते, पण बेढब.

पेटी साधारण ९० सेंटिमीटर लांब हवी. एका टोकाला जमीन ३२ अंशांच्या आसपास गरम, दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास. स्वतःचं तापमान राखणं पालीच्या शरीराला जमत नाही. पोट गरम झाल्याशिवाय तिचं अन्न पचत नाही, आणि फार तापलं तर तिला सावलीकडे सरकायला जागा लागते. म्हणून पेटी गरम ठेवणाऱ्या तापपट्टीला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक राखणारं यंत्र, हवाच. तो नसेल तर पोट भाजतं. लपायला दोन-तीन जागा, त्यात एक ओलसर शेवाळ भरलेला डबा. कात टाकताना हवा कोरडी असली तर बोटांभोवती कातीची कडी अडकतात, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं.

खाण्याशी येऊन भाची अडली. घर शुद्ध शाकाहारी, आणि ही पाल खाते फक्त जिवंत किडे: रातकिडे, अळ्या, झुरळं. ते विकत आणायचे, डब्यात ठेवायचे, त्यांनाही गाजर-पालेभाजी घालायची, आणि पालीला देण्याआधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. किड्यांच्या अंगात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस जास्त. भुकटी आणि ड जीवनसत्त्व चुकलं तर रक्त हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात. पाळलेल्या पालींचे हाल सर्वांत जास्त इथेच होतात, आणि तेही चार आण्यांच्या भुकटीवाचून.

किडे नकोच असतील तर क्रेस्टेड गेको आहे. ही न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. ती नामशेष झाली असंच समजत होते, १९९४ मध्ये पुन्हा सापडली. तयार मिळणारी भुकटी पाण्यात कालवली की तिचं जेवण झालं. त्या भुकटीत फळांसोबत बहुधा किड्यांची पूडही असते, हे मी भाचीला आधीच सांगितलं. ही पाल घरातल्या साध्या तापमानात रमते, पण २८ अंशांच्या वर तिला त्रास होतो. शिवाय ती काचेवर चढते, उड्या मारते, आणि तुटलेली शेपटी पुन्हा येत नाही. लेकीला पापण्या मिटणारीच हवी होती. भाचीने दोन दिवस विचार केला आणि किड्यांचा डबा बाल्कनीत ठेवायचं कबूल केलं.

रंग बघून पाल घेऊ नका, हे मी दोनदा बजावलं. 'लेमन फ्रॉस्ट' नावाचा सुंदर पिवळा-पांढरा प्रकार काही वर्षांपूर्वी फार गाजला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक पालींना रंगपेशींच्या गाठी होतात. जो जनुकीय बदल तो रंग देतो, तोच या गाठीही देतो. 'एनिग्मा' प्रकारातल्या बऱ्याच पाली मान वाकडी करून गोल गोल फिरत राहतात. रंगासाठी जीव असा घडवणं मला पटत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी मात्र रानातून काही उचलून आणू नये. लेपर्ड गेकोची जवळची नातेवाईक, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्रातच राहते. सातपुड्यातली आणखी एक जात २०१४ मध्ये नव्याने नोंदली गेली. विषारी समजून लोक त्यांना मारतात. भारतातली एकही पाल विषारी नाही.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता. निरोगी दिसणाऱ्या पालीच्या विष्ठेतही माणसाचं पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. छोटी कासवं मुलं तोंडात घालत म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात सरपटणारे आणि उभयचर प्राणी नकोत, असं तिथली आरोग्ययंत्रणा सांगते. लेकीचा धाकटा भाऊ साडेचार वर्षांचा आहे.

म्हणून ठरलं, त्याचा पाचवा वाढदिवस होईपर्यंत थांबायचं. ही पाल १५-२० वर्षं जगते, तेव्हा सहा महिन्यांची घाई कशाला? पेटी आली आहे, रिकामीच चालू आहे. लेक सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांचं तापमान वहीत लिहिते आणि दर रविवारी मला वाचून दाखवते. गेल्या आठवड्यात गरम टोक एकदा ३६ वर गेलं होतं. थर्मोस्टॅटचा काटा सरकला होता. पाल आत नव्हती, हे किती बरं झालं.