लॅपटॉपवर चहा सांडला तर

लॅपटॉप आत्ता ओला आणि चालू असेल, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढा आणि लॅपटॉपचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. फाइल सेव्ह करत बसू नका, शटडाउनची वाट बघू नका. माऊस, पेनड्राइव्ह काढा. मग उघडं पुस्तक पालथं घालतो तसा लॅपटॉप टॉवेलवर पालथा घाला. पुढचं सावकाश वाचा.

‘दोन दिवस वाळवू आणि चालू करून बघू.’ आमच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपचा घात इथेच झालेला असतो. नुसत्या पाण्याने मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, सहसा मरत नाही, ओल आणि वीज एकत्र आली की मरतो. लॅपटॉप बंद दिसला तरी आतली बॅटरी जोडलेलीच असते आणि मदरबोर्डच्या काही भागांत व्होल्टेज राहतंच. ओल्या जागी ते तांब्याचे केसासारखे ट्रॅक खाऊन टाकतं. मागे उरते हिरवट-पांढरी पूड. म्हणूनच कधी कधी लॅपटॉप दोन-तीन आठवडे छान चालतो आणि मग एका सकाळी उठतच नाही. आम्ही लॅपटॉप हातात आला की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढतो, तपासणी त्यानंतर.

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. चिपखाली शिरलेलं पाणी तांदूळ ओढत नाहीत, उलट पीठ पोर्टमध्ये जातं. हेअर ड्रायरही नको.

काय सांडलं ते मात्र खरं सांगा. बिअर असली तरी सांगा, ते आमच्यापाशीच राहील. साधं पाणी त्यातल्या त्यात बरं. अमृततुल्यचा चहा वाळला तरी साखर आणि दूध बोर्डावर चिकटून राहतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तो थर पुन्हा ओल धरतो. लिंबू किंवा कोकम सरबतातलं आम्ल धातूवर वेगळंच काम करतं. त्यावरून सफाई कशी करायची ते ठरतं. बोर्ड बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली बघतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुतो, गरज पडली तर ध्वनिलहरींनी सफाई करणाऱ्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये घालतो. साखरेचा चहा गेलेला कीबोर्ड सहसा बदलावाच लागतो. काही मॉडेलमध्ये तो वरच्या कव्हरला रिव्हेट केलेला असतो, तिथे खर्च वाढतो.

डेटाची काळजी आम्हालाही असते. एसएसडी (डेटा साठवणारा भाग) सुटी निघत असेल तर ती बहुतेक वेळा दुसऱ्या मशीनवर वाचता येते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाला लागणारं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधून ठेवा. नव्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, त्यामुळे बोर्ड जिवंत झाला तरच डेटा मिळतो.

नेहमीच्या वॉरंटीत पाण्याचं नुकसान येत नाही. पण अॅक्सिडेंटल डॅमेजचं कव्हर घेतलं असेल, तर आमच्याकडे येऊ नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. आम्ही उघडला तर तुमचा क्लेम अडकू शकतो.

हिंजवडीहून गाडीवर येताना पावसात बॅग भिजली, तरी नियम हाच: घरी पोचल्यावर चालू करून बघायचं नाही. आमच्याकडे आणताना बॅगेत उभा कोंबू नका. टॉवेलवर पालथाच ठेवून रिक्षाने आणा.