कार चोरशील का बे?

वीसेक वर्षांपूर्वी नागपूरला गोकुळपेठेतल्या एका सीडी लायब्ररीतून आम्ही चौघं मित्र वर्गणी काढून इंग्रजी पिक्चरची डीव्हीडी भाड्यानं आणायचो. अस्सल, डबीवर होलोग्राम असलेली. खोलीवर येऊन ती प्लेअरमध्ये सरकवली की दणदण संगीत सुरू व्हायचं आणि शिक्का मारावा तशा खडबडीत अक्षरांत इंग्रजीतून बजावणं यायचं. तुम्ही कार चोरणार नाही. हँडबॅग चोरणार नाही. टीव्ही चोरणार नाही. पायरेटेड पिक्चर डाउनलोड करणं ही चोरीच आहे. रिमोटवर कितीही बोटं आपटा, ते पुढे सरकत नसे. आमच्यातला एक दर वेळी पोह्यांच्या पुड्यातून मान वर करून तेच म्हणायचा, "काऊन बे, कारची झेरॉक्स निघत असती तं मी एक काढली नसती का?"

आम्ही हसायचो. त्या वाक्यात अख्ख्या जाहिरातीचं शवविच्छेदन आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

ही जाहिरात २००४ साली अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्यांच्या संघटनेनं सिंगापूरच्या बौद्धिक संपदा कार्यालयाबरोबर काढली आणि पुढची काही वर्षं ती जगभरच्या थिएटरांत आणि डीव्हीडींवर दाखवली. ती पुढे ढकलता न येण्यामागे तांत्रिक कारण होतं. डीव्हीडीवर चित्राबरोबर प्लेअरसाठी बारीक सूचना लिहिलेल्या असतात आणि त्यात 'या तुकड्यात अमुक बटण बंद' अशी खूण करता येते. मग रिमोट निकामी. गंमत अशी, की बर्डीच्या फूटपाथवर प्लास्टिकच्या पिशवीत मिळणाऱ्या नकली डिस्कवर ही जाहिरात कधीच नसायची. नक्कल करणारा फक्त मूळ पिक्चर उचलायचा आणि बाकीचं गाळून टाकायचा. म्हणजे पैसे मोजणाऱ्यालाच दर वेळी चोर म्हणून दम मिळायचा, आणि ज्याच्यासाठी हा दम होता तो थेट पिक्चर पाहायचा.

आता त्या झेरॉक्सकडे येऊ. शेजाऱ्याची कार कुणी नेली तर सकाळी त्याच्या दारात कार नसते. पिक्चरची फाइल कॉपी केली तर मूळ फाइल जागच्या जागीच राहते. अर्थशास्त्रात अशा वस्तूचं वर्णन सोपं आहे: मी वापरली म्हणून तुमच्या वाट्याची कमी होत नाही. याचा अर्थ निर्मात्याचं नुकसान होत नाही असा नव्हे, पण ते नुकसान 'न आलेल्या पैशाचं' असतं. रिकामं पार्किंग डोळ्यांना दिसतं, न विकलेलं तिकीट दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून हाच फरक तपासला. हाताला लागणारी वस्तू आणि नुसती डिजिटल वस्तू, दोन्हींची कल्पना करायला सांगितली. डिजिटल वस्तू मनासमोर उभी करताना मेंदूला जास्त खटपट करावी लागत होती. जे नीट उभंच राहत नाही ते उचलताना हातही कमी थरथरतो. अशा मनाला कारचं उदाहरण देणं म्हणजे त्याच्या हातात प्रतिवादच आणून देणं.

याहून मोठा घोटाळा झाला तो आकड्यांनी.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत आणि येणारे पर्यटक त्यांचे तुकडे खिशात टाकून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पायवाटांवर खूण केलेले तुकडे ठेवले आणि आळीपाळीनं दोन पाट्या लावल्या. एका पाटीचा आशय असा होता, की पूर्वी आलेल्या पुष्कळ लोकांनी इथलं लाकूड नेलं आणि त्यामुळे उद्यानाचं मूळ रूप बदललं. दुसरीवर फक्त 'कृपया लाकूड नेऊ नका' अशी विनंती होती. विनंतीच्या पाटीजवळचे १.६७ टक्के तुकडे गायब झाले. 'पुष्कळांनी नेलं' असं हळहळून सांगणाऱ्या पाटीजवळचे ७.९२ टक्के. पाटी लिहिणाऱ्याला पश्चात्ताप जागवायचा होता, पण वाचणाऱ्याला त्यातून एवढंच समजलं की इथे सगळेच नेतात.

आता आपल्याकडच्या बातम्या आठवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईवाय ही सल्लागार कंपनी आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया यांचा अहवाल आला. २०२३ मध्ये भारतातल्या पायरसीची उलाढाल २२,४०० कोटी रुपयांची होती आणि मनोरंजन पाहणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोक पायरेटेड मार्गानं पाहतात, असं त्यात म्हटलं होतं. सरकारला कायदा करायला, पोलिसांना मनुष्यबळ मागायला असे आकडे लागतात, मान्य. पण हेच आकडे मोठ्या अक्षरांत प्रेक्षकापुढे धरले की ती उद्यानातली पहिली पाटी होते. ५१ टक्के म्हणजे बहुमत. तिकीट काढणारा अल्पसंख्य ठरला! ग्रोलो आणि मुनिए या दोन फ्रेंच संशोधकांनी २०२२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या पायरसीविरोधी जाहिराती तपासल्या. त्यांच्या आक्षेपांत हा एक ठळक आक्षेप आहे. दुसरा असा, की या जाहिराती एका भक्कम कारणाला चार लंगडी कारणं जोडतात आणि मग भक्कम कारणही लंगडायला लागतं. भांडण करताना आपल्या घरीदारी हेच होतं, त्यासाठी फ्रान्सला जायची गरज नव्हती.

कोटींच्या आकड्याला आणखी एक व्याधी आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी देणगी मागितली. काहींना मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीचा फोटो आणि तिची हकीकत दिली, काहींना लाखो भुकेल्यांची आकडेवारी. मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकडेवारीसाठी १.१४. आणि मुलगी अधिक आकडेवारी, असं दोन्ही दिलं तेव्हा? १.४३. आकड्यानं चेहऱ्याची धार बोथट केली. पिक्चरच्या धंद्यातही चेहरे आहेत. सेट रंगवणारा पेंटर, लाइटमन, स्पॉटबॉय, आणि बंद पडलेल्या सिंगल स्क्रीनचा प्रोजेक्टर ऑपरेटर. अमेरिकेत २००३ मध्ये सेट पेंटर आणि स्टंटमन यांना पुढे करून जाहिराती निघाल्याही होत्या, पण लक्षात राहिली ती दरडावणारी कार. आपल्याकडे बहुतेक वेळा नटनटीच पुढे येतात. जो माणूस पडद्यावर एका पिक्चरमागे कोट्यवधी घेतो त्यानं 'आमचं नुकसान होतं हो' म्हटलं, की नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात भाड्यानं राहणाऱ्या पोराला कणव कशी यावी? त्याच थिएटरात तंबाखूविरोधी जाहिरातीतला तो गुटख्यानं गेलेला तरुण मात्र सगळ्यांना पाठ आहे. टिंगल करणाऱ्यांनाही.

दम देण्याचं काय? दमानं माणूस बिचकतो आणि चिडतोही. तुमचं स्वातंत्र्य कुणी हिरावतंय असं वाटलं की तीच गोष्ट करण्याची उबळ वाढते, हे जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्येच मांडलं होतं. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठानं ९६२ प्रौढांवर पायरसीविरोधी संदेश तपासले. धमकीचा संदेश वाचल्यावर बायकांचा पायरसीचा इरादा ५२ टक्क्यांनी घटला आणि पुरुषांचा १८ टक्क्यांनी वाढला. समजावणीच्या सुरातल्या संदेशांनी दोघांवरही फरक पडला नाही. इथे मोजला तो इरादा, प्रत्यक्ष डाउनलोड नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी, पायरसी करणाऱ्यांत पुरुष जास्त असतात हे धरलं, तर धमकी नेमकी उलट्या माणसावर चालली असं दिसतं. आमच्या खोलीतल्या चौघांनी रिमोट आपटत हाच प्रयोग फुकटात करून ठेवला होता.

धमकीमागे कायदा नाही असं मात्र नाही. महाराष्ट्रात ज्याला सगळे 'एमपीडीए' म्हणतात, त्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्याचं पूर्ण नाव एकदा मोठ्यानं वाचून पाहा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्या रांगेत व्हिडिओ पायरेट्स बसले आहेत, आणि मागाहून वाळू तस्करही येऊन बसले. २०२३ मध्ये केंद्रानं सिनेमॅटोग्राफ कायदा सुधारला. थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला आता किमान ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. दंड पिक्चरच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

जाता जाता एक किस्सा. त्या कारच्या जाहिरातीची खडबडीत अक्षरं जुस्त फान रॉसुम या डच अक्षररेखाटनकारानं १९९२ मध्ये काढलेल्या फॉन्टसारखी होती. ('पायथन' ही संगणकभाषा करणारा तो त्याचा भाऊ.) एप्रिल २०२५ मध्ये कुणीतरी त्या मोहिमेचं जुनं पीडीएफ उघडून आतला फॉन्ट तपासला, तर तो मूळ फॉन्टची चोरटी नक्कल निघाला. रॉसुमला याची मोठी मौज वाटली.

माझ्या मते या सगळ्या गोंगाटात एकच गोष्ट शहाणी आहे, आणि ती अजिबात बोलत नाही. डिजिटल प्रोजेक्टरवर पिक्चर चालतो तेव्हा प्रत्येक दृश्यात एक अदृश्य खूण मिसळलेली असते. पडद्याच्या एखाद्या भागाचा उजेड इतक्या बारीक प्रमाणात कमी-जास्त होतो की डोळ्याला पत्ता लागत नाही. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी मिळून जे मानक ठरवलं त्यात ही खूण ३५ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३५ आकड्यांची आहे. त्यातले १६ बिट वेळेसाठी. दर पंधरा मिनिटांना एक क्रमांक धरला, तर लीप वर्षात ४ × २४ × ३६६ म्हणजे ३५,१३६ क्रमांक लागतात आणि १६ बिटांत ६५,५३६ मावतात. उरलेले १९ बिट जागेसाठी, म्हणजे सव्वापाच लाखांच्या आसपास यंत्रं वेगवेगळी ओळखता येतात. ही सगळी ३५ बिटांची ओळ दर पाच मिनिटांच्या चित्रात पुन्हा गुंफायची असते. भारतात थिएटरांना पिक्चर पुरवणाऱ्या डिजिटल कंपन्याही अशाच खुणा वापरतात.

मोबाइलवर तिरकं चित्रण केलं, फाइल दाबून बारीक केली, रंग उडाले, तरी खूण टिकते कशी? कॉटन मार्केटमध्ये पहाटेच्या गलक्यात कुणी एकदा हळूच तुमचं नाव घेतलं तर ऐकू येणार नाही. पण तोच आवाज त्याच लयीत हजारो वेळा आला, तर बाकीचा गलका एकमेकांत विरून जातो आणि नाव वर येतं. हजारो चौकटींची बेरीज करणारं सॉफ्टवेअर हेच करतं. मग कळतं की ही प्रिंट अमुक गावच्या अमुक पडद्यावर, अमुक दिवशी, संध्याकाळी सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उचलली. वितरक अजूनही नागपूरला 'सीपी-बेरार' या इंग्रजांच्या काळातल्या नावाच्या टेरिटरीत मोजतात, आणि यंत्र मात्र एकेक पडदा वेगळा ओळखतं. कोट्यवधी प्रेक्षकांवर खेकसण्यापेक्षा पहिल्या कॅमेऱ्याशी पोचणारी ही गुपचूप वाट मला पटते.

आणि दुसरी पटणारी गोष्ट म्हणजे दुकान उघडं ठेवणं. डिसेंबर २००७ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीनं आपल्या मालिका ॲपलच्या आयट्यून्स दुकानातून काढून घेतल्या, तेव्हा त्यांच्या पायरेटेड मागणीत ११.४ टक्क्यांची वाढ संशोधकांनी मोजली. उलट आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय सिनेमा दिनी मल्टिप्लेक्सचं तिकीट ७५ रुपये केलं, तर एका दिवसात देशभर ६५ लाखांवर लोक आले. त्या दिवशी कुणालाही कार आठवली नाही.

गेल्या दिवाळीत भाचा माझ्याकडे आला होता. गॅलरीत बसून मोबाइलवर नवा पिक्चर पाहत होता. थेटर प्रिंट. चित्र एका बाजूला कललेलं, मागून लोकांच्या हसण्याचा आवाज, मध्येच कुणीतरी उठून पडद्यावरून आडवं गेलं. मी उपदेश केला नाही, त्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. फक्त ३५ बिटांची गोष्ट सांगितली. त्यानं पिक्चर थांबवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन काही दिसतं का ते पाहिलं, त्याचा उजेड कमी-जास्त केला, मग मागे नेऊन तो मधला तुकडा परत लावला.

"मामा," तो म्हणाला, "म्हणजे थेटर सापडन. पण हा मधातच मुतायला उठला तो बुढा, हा बी सापडन का?"