बायबलमधील प्रसंगांची जुनी कोरीव चित्रे : खरेदीपूर्वी वाचावे

आमच्याकडे विक्रीस असलेली बायबलमधील प्रसंगांची चित्रे बहुतांशी जुन्या, शिवण सुटलेल्या ग्रंथांची पाने आहेत. त्यांत सर्वाधिक मागणी गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांना असते. फ्रान्समधील तूर येथील मामे या प्रकाशनसंस्थेने १८६६ साली काढलेल्या दोन खंडांच्या बायबलसाठी त्याने दोनशेहून अधिक चित्रे काढली.

ही चित्रे दोरेने स्वतः कोरली का, असे अनेकजण विचारतात. नाही. तो बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर कुंचल्याने छायाप्रकाशासह चित्र रंगवी, आणि त्या करड्या छटा कोणत्या रेषांनी उतरवायच्या, हे कोरणारा कारागीर ठरवी; मग कोरलेल्या ठोकळ्यावर शाई लावून चित्र कागदावर छापले जाई. म्हणूनच बहुतेक पानांवर तळाशी एका कोपऱ्यात दोरेचे, तर दुसऱ्या कोपऱ्यात पिसान किंवा पानमाकेर अशा कारागिराचे नाव आढळते. आमच्या मते या दुसऱ्या नावाकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. जलप्रलयाचे चित्र भिंगाखाली धरून पाहावे. बुडत्या आईबापांनी मुलांना ज्या खडकावर सरकवले आहे, त्याच खडकावर पिल्लू तोंडात धरलेली वाघीण आहे. आणि साध्या डोळ्यांना सलग काळे वाटणारे पाणी म्हणजे प्रत्यक्षात शेजारी शेजारी ओढलेल्या शेकडो बारीक रेषा आहेत. रेषांऐवजी एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छायाचित्रावरून केलेले नंतरचे पुनर्मुद्रण समजावे. बॉक्सवुडचे खोड बारीक असल्याने मोठा ठोकळा लहान तुकडे जोडून करीत, त्यामुळे चित्रावर क्वचित केसासारखी पांढरी सरळ रेघ दिसते. तो दोष नव्हे, सांधा आहे.

जॉन मार्टिन या इंग्रज चित्रकाराच्या ‘बेलशस्सरची मेजवानी’ या १८२६ च्या चित्राची गोष्ट वेगळी. ते त्याने स्वतः धातूच्या पत्र्यावर मेझोटिंट पद्धतीने, म्हणजे सगळा पत्रा आधी खरबरीत करून उजेडाचे भाग घासून गुळगुळीत करत, केले. अशा छापात पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर बहुधा हाताला लागतो; लाकडी ठशात तो नसतो.

केवळ जुने म्हणून पान महाग, असे नसते. दोरेचे ठोकळे झिजू नयेत म्हणून त्यांच्यावरून तांब्याचे ठसे तयार करून अनेक देशांत अनेक वर्षे छपाई होत राहिली, त्यामुळे ही पाने दुर्मिळ नाहीत. किंमत आम्ही छपाईचा ठळकपणा, समास आणि कागदाची स्थिती पाहून ठरवतो.

फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नये, कारण पावसाळ्यात आत दमटपणा साचून तपकिरी डाग पडतात. आम्ही आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) वापरतो आणि पान गव्हाच्या खळीने, जपानी कागदाच्या पट्ट्यांवर, फक्त वरच्या कडेला टांगतो. आपण घरी सेलोटेप लावली असल्यास कृपया स्वतः ओढून काढू नये. पान तसेच आणून द्यावे.