काळ्या दगडापाशी होकायंत्र फसतं

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की जुनापाणीची शिळावर्तुळं लागतात. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही खणली, १९६१-६२मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथं पद्धतशीर उत्खनन केलं. माहुरझरी, नायकुंड ही अशाच जागांची नावंही अभ्यासकांना ठाऊक आहेत. पण विदर्भातल्या झुडपी जंगलात आणि मुरमाड बरडावर फारसं कुणी न पाहिलेली वर्तुळंही आहेत. त्यांचा नकाशा न खणता, टेप आणि खुंट्यांनी काढता येतो. ही लोहयुगातली दफनं. कडेला मोठे दगड, आत गोटे आणि मातीचा भराव, त्याखाली हाडं, मडकी, लोखंडी अवजारं. म्हणून आत खुंटीसुद्धा ठोकायची नाही. संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणं तर गुन्हाच.

जायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. पावसाळ्यानंतर गवत आणि तरोटा एवढा माजतो की निम्मे दगड दिसतच नाहीत.

उत्तरेकडच्या दगडापासून घड्याळाच्या दिशेने क्रमांक द्यायचे. दगडावर खडू नको, शेजारी चिठ्ठी ठेवावी. मग वर्तुळाबाहेर दोन खुंट्या, समजा २० मीटर अंतरावर, आणि दोन्हींपासून प्रत्येक दगडाचं अंतर. खुंट्यांना जोडणारी रेषा दगडांपासून चार-पाच मीटर लांब हवी. दोन टेपांमधला कोन ३० ते १५० अंशांत राहिला तर ठीक. फार चपटा किंवा टोकदार झाला की वाचनातली दोन सेंटिमीटरची चूक नकाशावर कितीतरी पट फुगते. मोक्याच्या दगडांना तिसऱ्या खुंटीवरून पडताळावं. टेप गवतावरून वाकला तर अंतर जास्त येतं. १:१०० प्रमाणात १५ मीटरचं वर्तुळ आलेख कागदावर १५ सेंटिमीटरचं होतं. आराखडा तिथंच काढावा, १७.४चं १४.७ झालेलं घरी कळून उपयोग नाही.

दिशेची गोष्ट वेगळी. या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे दगडाला टेकवलेलं होकायंत्र चक्क काही अंश भरकटतं. दहा-पंधरा पावलं दूर उभं राहून दोन्ही खुंट्यांच्या रेषेची दिशा घ्यावी, मग उलट टोकावरून तीच पुन्हा; दोन वाचनांत १८० अंशांचा फरक आला नाही तर जागा बदलावी. मोबाइलच्या जीपीएसने वर्तुळ सापडतं, दगड मांडता येत नाहीत: त्याची चूक तीन-पाच मीटरची.

काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले असतात. कोणत्या दगडावर, कोणत्या बाजूला, किती, हे नोंदणं महत्त्वाचं, कारण त्यांच्या दिशांचा संबंध आकाशातल्या घटनांशी असावा असं काही अभ्यासक मानतात. दुपारच्या उन्हात खळगे गायब होतात. सूर्य कलल्यावर किंवा अंधारात टॉर्च आडवी धरली की उठून दिसतात. बरेच फोटो एकमेकांशी जुळवून केलेल्या त्रिमितीय प्रतिमेसाठी मात्र ढगाळ, सावलीविना उजेड बरा आणि प्रत्येक फोटोत मागच्याचा ७० टक्के भाग हवा. म्हणजे एका फेरीत काम होत नाही.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ओढून टाकलेले दगडही मोजावेत, पण वेगळ्या खुणेने. मूळ जागचा दगड बहुधा मातीत रुतलेला असतो. हललेल्याच्या अंगावर जुनी मातीची रेष जमिनीपेक्षा वर दिसते.